आधी मिलिमीटर, मग व्हॉक्सेल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सीटी किंवा एमआरआयचा एक अभ्यास म्हणजे स्लाइसची चळत. ही चळत लहान-मोठी करण्याबद्दल, म्हणजे तिचं रीसॅम्पलिंग करण्याबद्दल, या वेळी बरेच प्रश्न आले. त्यातले बहुतेक प्रश्न लिनियर वापरू की क्यूबिक (मोजलेल्या बिंदूंमधली मूल्यं काढण्याच्या, म्हणजे इंटरपोलेशनच्या, या दोन पद्धती), इथपासून सुरू होतात. आमच्या मते सुरुवात तिथून करू नये. व्हॉक्सेल, म्हणजे चळतीतला एक सूक्ष्म ठोकळा, किती मिलिमीटरचा आहे आणि त्याचं केंद्र नेमकं कुठे आहे, हे आधी पक्कं झालं पाहिजे. तिथे चूक झाली तर पुढची कुठलीही पद्धत ती भरून काढत नाही.

प्रश्न : छातीच्या सीटीवर मॉडेल शिकवण्यासाठी प्रत्येक अभ्यास १२८×१२८×१२८ करायचा आहे. सायपायच्या (पायथॉनमधलं गणिती पॅकेज) झूम फंक्शनला तिन्ही दिशांचं गुणोत्तर देऊन मी ते केलं. पण काही रुग्णांची फुप्फुसं चपटी दिसतात, काहींची उभट. चूक कुठे आहे? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे)

झूमला फक्त व्हॉक्सेलची संख्या कळते, मापं कळत नाहीत. चूक तिथेच आहे. दोन रुग्ण घेऊन हिशोब करू. पहिल्याचा अभ्यास ५१२×५१२, स्लाइस ६०. पिक्सेल ०.७ मिमीचा, दोन स्लाइसमधलं अंतर ५ मिमी. म्हणजे प्रत्यक्षात ३५८.४×३५८.४×३०० मिमीचा ठोकळा. दुसऱ्याचा ५१२×५१२, स्लाइस २८०, पिक्सेल ०.८२ मिमी, अंतर १.२५ मिमी : सुमारे ४२०×४२०×३५० मिमी. दोन्ही ठोकळे १२८ च्या घनात कोंबले, की पहिल्याचा व्हॉक्सेल २.८×२.८×२.३४ मिमी होतो आणि दुसऱ्याचा ३.२८×३.२८×२.७३. त्याच १० मिमीच्या गाठीने पहिल्यात आडवे साडेतीन व्हॉक्सेल व्यापले, दुसऱ्यात तीन. शिवाय दोन्हीकडे ती उभ्या दिशेने ताणलेली. मॉडेल आकार शिकणार ते असे वाकडे.

आधी सगळे अभ्यास एकाच मिलिमीटर-मापावर आणा. १२८ चा घन त्यानंतर कापून किंवा भरून तयार करा. या कामासाठी ३ मिमीचा घन-व्हॉक्सेल सोयीचा आहे. क्रम असा ठेवा.

डायकॉममधली (वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलमधली) साठवलेली संख्या त्याच फाइलमधल्या रीस्केल स्लोपने गुणून त्यात इंटरसेप्ट मिळवा, म्हणजे घनतेचं हाउन्सफील्ड एकक (एचयू) मिळेल. पाणी ०, हवा उणे १०००. हे सगळ्यात आधी.

मग नवी संख्या काढा. पहिल्या रुग्णासाठी आडव्या दिशेत ३५८.४ भागिले ३ म्हणजे ११९.४७, पूर्णांक ११९. उभ्या दिशेत ३०० भागिले ३ म्हणजे १००. पूर्णांक केल्यामुळे आडवा व्हॉक्सेल आता ३.०१२ मिमीचा झाला, ३ चा राहिला नाही. हा खरा आकडा अभ्यासासोबत लिहून ठेवा, पुढे आकारमान मोजताना लागतो. झूमला गुणक म्हणून ०.७ भागिले ३ देऊ नका, ११९ भागिले ५१२ द्या, म्हणजे संख्येबद्दल शंका उरत नाही.

आता आडव्या दिशेत आपण सव्वाचार पटींहून अधिक लहान करतो आहोत. लिनियर इंटरपोलेशन नव्या बिंदूच्या लगतचेच शेजारी बघतं आणि मधले पिक्सेल सोडून देतं. सोडलेल्या बारीक रेघा, म्हणजे रक्तवाहिन्या, फिशर (फुप्फुसाच्या खंडांमधल्या फटी) आणि नॉइज (प्रतिमेतली खरखर), खोट्या जाड नक्षीच्या रूपाने परत येतात. म्हणून लहान करण्याआधी गाउसियन फिल्टरने मऊ करून घ्या. सायकिट-इमेज हे पॅकेज सिग्मासाठी, म्हणजे फिल्टरच्या रुंदीसाठी, 'पट उणे एक, भागिले दोन' हा नियम वापरतं. इथे तो ४.३ उणे १ भागिले २, म्हणजे सुमारे १.६५ पिक्सेल. उभ्या दिशेत आपण ६० चे १०० करतो, म्हणजे मोठं करतो, तिथे सिग्मा ० ठेवायचा. तिन्ही दिशांना एकच सिग्मा दिला तर आधीच जाड असलेल्या स्लाइस एकमेकींत मिसळतात. ही चूक आम्हाला वारंवार दिसते.

मग इंटरपोलेशन, ऑर्डर १, म्हणजे लिनियर. शेवटी ११९×११९×१०० च्या भोवती भर घालून १२८ करा. दुसऱ्या रुग्णाचे १४० येतील, तिथे मधले १२८ कापून घ्या. भर घालताना उणे १००० घाला. शून्य घातलं तर छातीभोवती पाणी भरल्यासारखं होतं आणि मॉडेलला कातडीची कडच सापडत नाही.

एक सूचना अक्षांबद्दल. पायथॉनच्या नमपाय पॅकेजच्या अ‍ॅरेत क्रम झेड, वाय, एक्स असतो. सिंपलआयटीके या प्रतिमा-पॅकेजच्या इमेजमध्ये एक्स, वाय, झेड. डायकॉमच्या पिक्सेल स्पेसिंगमध्ये पहिला आकडा दोन ओळींमधल्या अंतराचा, दुसरा दोन स्तंभांमधल्या अंतराचा. सीटीत हे दोन्ही आकडे बहुधा सारखेच असतात, त्यामुळे अदलाबदल झालेली लक्षात येत नाही. चूक उघडी पडते ती पहिल्यांदा वेगळ्या मापाचा अभ्यास हाती आल्यावर.

प्रश्न : आमच्याकडे ५ मिमीच्या स्लाइस काढून ठेवलेल्या आहेत. सॉफ्टवेअरने त्यांच्या १ मिमीच्या केल्या तर बारीक नोड्यूल (लहान गाठी) दिसतील का? (सीटी तंत्रज्ञ, कोल्हापूर)

नाही. इंटरपोलेशन दोन मोजमापांच्या मधली जागा भरतं, नवीन मोजमाप आणत नाही.

४ मिमीचा नोड्यूल घ्या. घनता सुमारे ४० एचयू, भोवतालचं फुप्फुस उणे ८५०. तो ५ मिमीच्या एकाच स्लाइसमध्ये पूर्ण बसला, तर त्याच्या मध्यातून जाणाऱ्या पिक्सेलचं मूल्य चार पंचमांश नोड्यूल आणि एक पंचमांश फुप्फुस असं धरून ३२ उणे १७०, म्हणजे उणे १३८ येतं. तोच नोड्यूल दोन स्लाइसच्या सीमेवर निम्मा-निम्मा आला तर प्रत्येकीत १६ उणे ५१०, म्हणजे उणे ४९४. घट्ट गाठ काचेसारख्या धूसर सावलीसारखी दिसायला लागली. उणे ४९४ च्या दोन स्लाइसमध्ये कितीही नव्या स्लाइस घातल्या तरी ४० परत येत नाहीत. चित्र गुळगुळीत होतं, आणि तोच धोका आहे. कोरोनल चित्र (समोरून दिसणारा उभा छेद) छान दिसतं म्हणून बघणाऱ्याला ते १ मिमीचं वाटतं.

बारीक स्लाइस हव्या असतील तर त्या मूळ रॉ डेटावरून पुन्हा रिकन्स्ट्रक्ट करून घ्याव्या लागतात. रॉ डेटा स्कॅनरच्या कन्सोलवर मर्यादित काळच राहतो, जागा भरली की पुसला जातो. त्यामुळे जो अभ्यास पुढे थ्री-डी कामाला लागेल त्याचं बारीक रिकन्स्ट्रक्शन त्याच दिवशी काढून पॅक्समध्ये (रुग्णालयाच्या प्रतिमा-साठ्यात) पाठवावं. १.२५ मिमी जाडीच्या स्लाइस ०.६२५ मिमीच्या अंतराने, म्हणजे अर्ध्या ओव्हरलॅपने काढल्या तर पुढचं रीसॅम्पलिंग फार चांगलं होतं.

इथेच जाडी आणि अंतर वेगळे आहेत हेही दिसतं. वरच्या अभ्यासात स्लाइस थिकनेस १.२५ लिहिलेली असेल आणि चळतीतलं खरं अंतर ०.६२५. जाडी हेच अंतर धरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रुग्ण दुप्पट उंच होईल.

प्रश्न : ट्रायलिनियर इंटरपोलेशन विद्यार्थ्यांना हाताने सोडवून दाखवायचं आहे. छोटं उदाहरण द्याल का? (प्राध्यापक, नांदेड)

ट्रायलिनियर म्हणजे तिन्ही दिशांत लिनियर. आठ शेजारी घ्या. खालच्या स्लाइसमध्ये मागची ओळ ४०, ६० आणि पुढची ओळ २०, ८०. वरच्या स्लाइसमध्ये मागची ओळ २००, २४० आणि पुढची १६०, २८०. नवा बिंदू डावीकडून ०.२५, मागून ०.५ आणि खालून ०.४ वर आहे.

आधी डावीकडून उजवीकडे. खालची मागची ओळ : ४० अधिक ०.२५ गुणिले २०, म्हणजे ४५. खालची पुढची : २० अधिक ०.२५ गुणिले ६०, म्हणजे ३५. वरची मागची २१०, वरची पुढची १९०. मग मागून पुढे : ४५ आणि ३५ च्या अर्ध्यावर ४०, २१० आणि १९० च्या अर्ध्यावर २००. शेवटी खालून वर : ४० अधिक ०.४ गुणिले १६०, म्हणजे १०४. सात वेळा साधं त्रैराशिक, बस. अक्षांचा क्रम बदलून करायला लावा, उत्तर १०४ च येईल. विद्यार्थ्यांना ते एकदा स्वतः पडताळू द्यावं.

याच उदाहरणातून एक पुढची गोष्ट शिकवता येते, ती अवश्य शिकवा. नवा बिंदू आठांच्या बरोबर मध्यावर पडला तर प्रत्येकाचं वजन एक अष्टमांश होतं. आठही शेजाऱ्यांचा नॉइज स्वतंत्र आणि २० एचयूचा असेल, तर सरासरीत तो वर्गमूळ आठाने भागला जाऊन ७ च्या आसपास येतो. पण नवा बिंदू जुन्या बिंदूवरच पडला तर नॉइज २० च राहतो. म्हणजे एकाच प्रतिमेत काही पट्टे खरखरीत आणि काही गुळगुळीत. १ मिमीवरून ०.९ मिमीवर आणलेल्या अभ्यासात ही नक्षी ठरावीक अंतराने येते आणि टेक्स्चर मोजणाऱ्या प्रोग्रॅमला ती ऊतीचा गुण वाटते.

प्रश्न : मास्क रीसाइज केल्यावर मूळ मास्कमध्ये नसलेल्या जागी पित्ताशय आलं! लेबल १ यकृत, २ पित्ताशय, ३ उजवं मूत्रपिंड. (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

मास्क म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलला त्याच्या अवयवाचा क्रमांक, म्हणजे लेबल, देणारी प्रतिमा. लेबल हे नाव आहे, मोजमाप नाही. यकृत आणि उजवं मूत्रपिंड जिथे एकमेकांना टेकतात तिथे लिनियर पद्धतीने १ आणि ३ ची सरासरी काढली, उत्तर २ आलं, म्हणजे पित्ताशय. मूत्रपिंडाची जी कड पार्श्वभूमीला, म्हणजे ० ला लागून आहे तिथे तर ३ वरून ० पर्यंत उतरताना २ आणि १ दोन्ही लागतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं मूत्रपिंडाभोवती आधी पित्ताशय, मग यकृत.

लेबलसाठी निअरेस्ट नेबर वापरा. सायपायमध्ये ऑर्डर ०, सिंपलआयटीकेत निअरेस्ट नेबर इंटरपोलेटर. निकालातल्या वेगवेगळ्या लेबलांची यादी काढून मूळ यादीशी ताडून पाहा. एका ओळीचं काम आहे, ते प्रत्येक फाइलवर करा.

निअरेस्टने एक प्रश्न उरतो. ५ मिमीच्या स्लाइसवर काढलेला मास्क १ मिमीवर आणला की जिन्याच्या पायऱ्या दिसतात. त्यावर 'प्रत्येक लेबलचा ०-१ मास्क करा, लिनियर लावा आणि ०.५ च्या वरचं ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. स्लाइसच्या पातळीत तो चालतो. पण दोन स्लाइसच्या मधल्या जागेत तो पायऱ्या अजिबात घालवत नाही. समजा खालच्या स्लाइसमध्ये १० मिमी त्रिज्येचं वर्तुळ आहे, वरच्यात ६ मिमीचं. मधल्या कड्यात खाली १ आहे, वर ०. अर्ध्या उंचीपर्यंत मूल्य ०.५ च्या वर, तिथून पुढे खाली. म्हणजे निम्म्यापर्यंत १० आणि मग एकदम ६. पायरी जिथल्या तिथे.

इथे अंतर-नकाशा उपयोगी पडतो. ही कल्पना राया आणि उडुपा यांनी १९९० मध्ये आकारावर आधारित इंटरपोलेशन म्हणून मांडली. प्रत्येक स्लाइसमध्ये प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती मिलिमीटरवर आहे ते काढायचं, आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. मग मास्कऐवजी या अंतरांचं लिनियर इंटरपोलेशन करायचं आणि जिथे उत्तर उणे तिथे अवयव. वरच्या उदाहरणात अर्ध्या उंचीवर त्रिज्या बरोबर ८ मिमी येते.

ही पद्धत कुठे फसते तेही सांगितलं पाहिजे. २ मिमी त्रिज्येची तिरकी रक्तवाहिनी एका स्लाइसवरून पुढच्या स्लाइसपर्यंत ६ मिमी सरकली असेल, तर मध्यबिंदू दोन्ही वर्तुळांच्या केंद्रांपासून ३ मिमीवर, म्हणजे दोन्ही कडांच्या १ मिमी बाहेर. सरासरी अधिक १. वाहिनी मध्येच तुटली. दोन स्लाइसमधले छेद एकमेकांवर येत नसतील तिथे ही पद्धत वापरू नका. तो मास्क बारीक स्लाइसवर नव्याने काढणं हाच उपाय.

प्रश्न : एकच अभ्यास सायपायने आणि पायटॉर्चने (मॉडेल शिकवण्याचं पॅकेज) दुप्पट केला. दोन्हीकडे लिनियर, तरी आकडे जुळत नाहीत. कोण चुकतंय? (नागपूर)

दोघंही बरोबर आहेत, पण दोघांची पट्टी वेगळी आहे. एका ओळीत चार व्हॉक्सेल घ्या, त्यांची केंद्रं ०, १, २, ३ वर. त्यांचे आठ करायचे आहेत. सायपायचं झूम मूळ सवयीने पहिलं केंद्र पहिल्यावर आणि शेवटचं शेवटच्यावर बसवतं. नवी केंद्रं ०, तीन सप्तमांश, सहा सप्तमांश अशी जात ३ वर संपतात. पायटॉर्चच्या इंटरपोलेटमध्ये अलाइन कॉर्नर्स मूळ सवयीने बंद असतं. तिथे व्हॉक्सेलच्या बाहेरच्या कडा जुळवल्या जातात आणि नवी केंद्रं उणे ०.२५, ०.२५, ०.७५ अशी येतात.

वैद्यकीय कामात दुसरी पट्टी घ्यावी, कारण व्हॉक्सेलला जाडी असते आणि ठोकळ्याचं एकूण माप तिच्यात टिकतं. पहिल्या पट्टीने ५ मिमीच्या ६० स्लाइसच्या १०० केल्या तर नवं अंतर ३ मिमी होत नाही. ५ गुणिले ५९ भागिले ९९, म्हणजे २.९८ मिमी होतं. तुम्ही हेडरमध्ये (फाइलच्या माहितीच्या भागात) ३ लिहिलंत तर शंभराव्या स्लाइसपर्यंत जवळजवळ २ मिमीचा फरक साचतो. रेडिओथेरपीच्या नियोजनात २ मिमी फार झाले.

सायपाय १.६.० पासून झूमला ग्रिड मोड हा पर्याय आहे. तो चालू केला की कडा जुळतात. सोबत कडेच्या मोडमध्ये निअरेस्ट द्या, नाहीतर पहिल्या केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या बिंदूंत शून्य भरलं जातं. आणि ओरिजिन, म्हणजे पहिल्या व्हॉक्सेलच्या केंद्राचं स्थान, हलवायला विसरू नका. कडा जुळवल्या की पहिल्या व्हॉक्सेलचं केंद्र 'नवं अंतर उणे जुनं अंतर, भागिले दोन' इतकं सरकतं. ५ चे ३ केले तर उणे १ मिमी. सिंपलआयटीकेच्या रीसॅम्पलमध्ये ओरिजिन तुम्हीच द्यायचा असतो. जुनाच दिला तर प्रतिमा जागेवर राहते, पण पहिल्या स्लाइसचा बाहेरचा १ मिमी कापला जातो आणि शेवटी तेवढीच जागा ठोकळ्याच्या बाहेर पडून तिथे डिफॉल्ट (रिकाम्या जागी भरायचं) मूल्य येऊ शकतं. ते मूल्य सीटीसाठी उणे १००० द्या.

प्रतिमा आणि मास्क दोन्ही एकाच पट्टीने करा. प्रतिमा एकीने आणि मास्क दुसरीने केला की अर्ध्या व्हॉक्सेलची फट पडते. ती डोळ्यांना सहज दिसत नाही, पण मोजमापात येते.

पायटॉर्चबद्दल आणखी दोन गोष्टी. ट्रायलिनियरसाठी इनपुट पाच मितींचं लागतं : बॅच, चॅनल, खोली, उंची, रुंदी. आणि मास्कसाठी 'निअरेस्ट' ऐवजी 'निअरेस्ट-एक्झॅक्ट' घ्या. पहिला मोड जुन्या सवयी जपण्यासाठी ठेवलेला आहे आणि तो केंद्र नीट धरत नाही.

प्रश्न : क्यूबिकने केलेल्या चित्रात हाडाभोवती काळी रेघ येते, आणि कधीकधी हाडाच्या आत काळे ठिपके. फाइल खराब आहे का? (दंतवैद्यक महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगर)

फाइल ठीक आहे. ही दोन वेगळी कारणं आहेत.

काळी रेघ क्यूबिकच्या उणे वजनांमुळे येते. रॉबर्ट कीज यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या नेहमीच्या क्यूबिकमध्ये मध्यबिंदूवर चार शेजाऱ्यांची वजनं उणे १, ९, ९, उणे १ अशी, सगळी १६ ने भागलेली. ओळीत ४०, ४०, ४०, १००० आहेत असं धरा : तीन मऊ ऊतीचे, चौथं हाड. मधल्या दोन चाळिसांच्या मध्ये खरं तर ४० यायला हवेत. येतात उणे ४० अधिक ३६० अधिक ३६० उणे १०००, भागिले १६, म्हणजे उणे २०. स्नायूच्या जागी पाण्यापेक्षा कमी घनता. हवेशेजारी कातडी असेल तर याच हिशोबाने उणे १००० चे उणे १०६५ होतात, आणि असं मूल्य शरीरात कुठेच नसतं. स्प्लाइनवर आधारित क्यूबिक, जसं सायपायचं ऑर्डर ३, थोडं वेगळं वागतं, पण रेघ तिथेही येते. लिनियरमध्ये वजनं कधी उणे नसतात, म्हणून तिथे ती नाही.

काळे ठिपके साठवणीचे आहेत. ८ बिटांत २५५ च्या वर जागा नाही. क्यूबिकने २६२ काढले आणि दशांशातलं उत्तर थेट ८ बिटांत टाकलं, तर बहुतेक संगणकांवर त्याचे ६ होतात. सर्वांत पांढरा भाग काळा. रूपांतराआधी मूल्यं मूळ किमान-कमाल मर्यादेत छाटा, मग जवळच्या पूर्णांकावर आणा. नुसतं रूपांतर दशांश कापून टाकतं : ३९.९ चे ३९, आणि उणे २०.९ चे उणे २०. म्हणजे सगळंच शून्याकडे ओढलं जातं.

दातांच्या सीबीसीटीत (शंकूच्या आकाराच्या किरणांनी काढलेल्या सीटीत) व्हॉक्सेल आधीच घनाकृती, ०.२ ते ०.४ मिमीच्या आसपासचा असतो. तिथे मोजमापासाठी लिनियर पुरेसं आहे. क्यूबिक फक्त पडद्यावर दाखवण्यासाठी ठेवा.

प्रश्न : व्हिजिबल ह्यूमनच्या पुरुष संचातून कोरोनल चित्र काढलं तर आडवे पट्टे पडतात. स्त्री संचात नाही. (शरीररचनाशास्त्र विभाग, पणजी)

अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये व्हिजिबल ह्यूमनचा, म्हणजे संपूर्ण मानवी देहाच्या छेदांच्या प्रतिमांचा, पुरुष संच खुला केला. गोठवलेल्या देहाचे १,८७१ छेद, दोन छेदांत १ मिमी, आणि रंगीत छायाचित्र २०४८×१२१६ पिक्सेलचं, पिक्सेल ०.३३ मिमीचा. म्हणजे व्हॉक्सेल रुंदीच्या तिप्पट उंच. पट्टे त्याचेच. १९९५ च्या स्त्री संचात छेदच ०.३३ मिमीवर घेतले, ५ हजारांहून जास्त, आणि त्यामागचा हेतूच व्हॉक्सेल घनाकृती व्हावा हा होता. अंतर शरीर कापतानाच ठरवावं लागतं, याचं याहून नेमकं उदाहरण आमच्या माहितीत नाही.

पुरुष संचासाठी दोन वाटा आहेत. छेदांमध्ये दोन-दोन नवे भरून तिप्पट करा, मग साधारण ४२ जीबी होतात. किंवा पातळीत तिसरा हिस्सा करून सगळीकडे १ मिमी आणा, दीड जीबीत काम भागतं. शिकवण्यासाठी दुसरी वाट घ्या. आधी सिग्मा १ ने मऊ करा. लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनल वेगवेगळे इंटरपोलेट करा आणि चॅनलचा अक्ष चुकूनही झूममध्ये घेऊ नका, त्याचा गुणक १. देहाभोवती निळं जिलेटिन आहे. ते आधी मास्क करून काढलं नाही तर इंटरपोलेशनमध्ये कातडीच्या कडेला निळसर झाक येते.

प्रश्न : ६०० स्लाइसवर लॅपटॉप अडकतो. (सातारा)

५१२×५१२×६०० म्हणजे १५ कोटी ७३ लाख व्हॉक्सेल. १६ बिटांत ३१५ एमबी. पण सायपाय ऑर्डर २ किंवा त्याहून वरच्या ऑर्डरला आधी स्प्लाइनचे गुणांक काढतं, ते ६४ बिटी दशांशात, म्हणजे १.२६ जीबीची वेगळी प्रत. ऑर्डर १ घेतलं तर ही प्रत बनतच नाही. आउटपुट ३२ बिटी मागा. तरीही जमत नसेल तर झेड दिशेत ६०-६० स्लाइसचे तुकडे करा, दोन्ही बाजूंना काही स्लाइस जास्तीच्या घ्या आणि निकालातून तेवढा भाग काढून टाका. लिनियरला १ पुरते, स्प्लाइनला ८-१० घ्या.

प्रश्न : डोक्याच्या सीटीची चळत रचली की कवटी मागे कललेली दिसते आणि मधे एक उडी आहे. (न्यूरोसर्जरी विभागातील डॉक्टर, सोलापूर)

उडीपासून सुरू करा. फाइलची नावं १, १०, ११, २ अशी अक्षरांच्या क्रमाने लागली असतील. नावावर किंवा इन्स्टन्स नंबरवर भिस्त ठेवू नका. प्रत्येक स्लाइसचं इमेज पोझिशन पेशंट (००२०,००३२) घ्या. इमेज ओरिएंटेशनमधल्या (००२०,००३७) दोन दिशांचा सदिश गुणाकार करून लंब दिशा काढा. पोझिशनचा त्या लंबाशी अदिश गुणाकार करा आणि येणाऱ्या आकड्यावर क्रम लावा. मग लगतच्या आकड्यांमधले फरक छापून पाहा. ५, ५, ५, १०, ५ असं आलं तर एक स्लाइस हरवली आहे. ती इंटरपोलेशनने भरली तर अहवालात तसं नोंदवा. रक्तस्राव शोधण्यासाठी ती भरलेली स्लाइस वापरू नये. फरक अर्धे ५ आणि अर्धे २.५ असतील, तर अभ्यास दोन अंतरांनी घेतलेला आहे आणि झूमसारखं एकाच अंतरावर चालणारं फंक्शन इथे चालणार नाही. प्रत्येक पिक्सेलसाठी खऱ्या स्थानांवरून झेड दिशेत वेगळं लिनियर करावं लागतं.

कवटी कललेली दिसते ती गँट्री टिल्टमुळे, म्हणजे स्कॅनरचं कडं वाकवल्यामुळे. डोळ्यांच्या भिंगावर किरण पडू नयेत म्हणून गँट्री वाकवून घेतलेल्या अभ्यासात टेबल सरळ सरकतं, पण स्लाइस तिरकी असते. २० अंश टिल्ट आणि ५ मिमी टेबलचाल असेल तर दोन स्लाइसमधलं लंब अंतर ५ गुणिले कोज्या २०, म्हणजे ४.७० मिमी. आणि प्रत्येक स्लाइस आधीच्या स्लाइसपेक्षा तिच्याच पातळीत ५ गुणिले ज्या २०, म्हणजे १.७१ मिमी सरकलेली. ३० स्लाइसमध्ये २९ वेळा असं होतं : जवळजवळ ५० मिमी. सॉफ्टवेअरने स्लाइस एकावर एक सरळ रचल्या की डोकं ५ सेंटीमीटरने कलतं.

डायकॉममध्ये गँट्री टिल्टचा आकडा (००१८,११२०) पाहा, पण चिन्हावर विसंबू नका. पहिल्या आणि शेवटच्या पोझिशनच्या फरकातून लंबाच्या दिशेतला भाग वजा करा, उरलेला भाग म्हणजे एकूण सरक. तिला स्लाइसमधल्या अंतरांच्या संख्येने (३० स्लाइसला २९) भागा आणि प्रत्येक स्लाइस आधीच्या स्लाइसपेक्षा तेवढी जास्त पातळीत सरकवा, लिनियर इंटरपोलेशनने, रिकाम्या कडेला उणे १००० भरून. सरकवण्याआधी, ज्या बाजूला सरकवणार ती चित्राची बाजू ५० मिमीने वाढवून घ्या, नाहीतर कपाळ किंवा डोक्यामागचा भाग कापला जाईल. आता अंतर ४.७० मिमी धरून हवं त्या मापावर आणा. सॅजिटल चित्रात (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात) कपाळ आणि नाकाची रेघ नैसर्गिक दिसते का ते बघा. ती उलट्या बाजूला दुप्पट कललेली दिसली तर सरकवण्याची दिशा उलटी झाली आहे.